कुत्र्याचं ताट, बिबट्याची वाट

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मळ्यात घर आहे आणि दारात कुत्रं नाही, असं क्वचितच दिसतं. रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्याच्या पुढे ते चालतं, शेळ्यांच्या गोठ्यापाशी झोपतं, उसात काही हललं की सगळ्यांच्या आधी त्याला कळतं. त्याला खायला काय घालता असं विचारलं, तर उत्तर बहुतेक ठिकाणी एकच मिळतं: उरलंसुरलं. सकाळी शिळी भाकरी, त्यावर ताकाचा किंवा दुधाचा घोट, आणि घरात कोंबडी शिजली तर रस्सा नि हाडं.

या उत्तरात निष्काळजीपणा नाही. जे घरात आहे त्यातला वाटा मुक्या जनावराला द्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. खंडोबासोबत कुत्रा असतो, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पण या दोन तालुक्यांत कुत्र्याचं जेवण हा एकट्या कुत्र्याचा प्रश्न राहिलेला नाही. त्याच्या ताटात कोणतं मांस पडतं, ते कुठे पडतं आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पडतं, याचा गावाच्या रात्रीशी थेट संबंध आहे. मला सांगायची आहे ती एवढीच गोष्ट, आणि ती नीट समजायची तर भाकरीपासून सुरुवात करावी लागेल.

कुत्र्याला भाकरी चालते का? चालते. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात कुत्रा आणि लांडगा यांच्यातला जनुकीय फरक मांडला. पिष्टमय अन्न पचवणारा स्राव ज्या जनुकामुळे तयार होतो, त्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणसाजवळ हजारो वर्षं राहताना कुत्र्यानं माणसाचं धान्य पचवण्याची ताकद कमावली. त्यामुळे कुत्र्याला फक्त मांसच घातलं पाहिजे, हा समज खरा नाही. बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या गावठी कुत्र्यांनी हे संशोधन होण्याच्या कितीतरी आधी सिद्ध केलं होतं.

पण चालणं वेगळं आणि पुरणं वेगळं. अमेरिकेत कुत्र्यांच्या खाद्यासाठी जी मानकं वापरली जातात त्यांनुसार, पाण्याचा अंश वगळून, प्रौढ कुत्र्याच्या आहारात किमान १८ टक्के प्रथिनं हवीत. वाढत्या पिल्लांना आणि पिल्लं झालेल्या कुत्रीला साडेबावीस टक्के हवीत. बाजरीत प्रथिनं साधारण ११ टक्के, ज्वारीत १० टक्के. म्हणजे भाकरीनं पोट भरतं, पण शरीराला जे हवं त्यातलं बरंच बाकी राहतं. ताकानं थोडी भर पडते, पण घोटभर ताकानं ही तूट निघत नाही. मग कुत्रं ती तूट स्वतः भरून काढायला निघतं. घरचं ताट चाटून झालं की ते वस्तीबाहेरच्या उकिरड्याकडे, ओढ्याकडे, चिकनच्या दुकानामागे जातं. आपण त्याला भटकं म्हणतो, पण त्याच्या भटकण्याला आपणच वाढलेल्या अर्धवट ताटाचं कारण असतं.

म्हणजे मांस हवं. मग कोणतं? परदेशात कुत्र्यांच्या खाद्यात गाईगुरांचं आणि मेंढीचं मांस सर्रास असतं, आणि त्याची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांसाठी ससा, हरीण, कांगारू असे पर्याय विकले जातात. आपल्याकडे ती यादी कामाची नाही. महाराष्ट्रात गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे. बोकडाचं मटण घरच्या माणसांनाच सणासुदीला परवडतं, तिथे रोज कुत्र्याला कोण घालणार? म्हणून बहुतेकांचा विचार इथेच थांबतो आणि भाकरीवर येऊन टेकतो.

खरं तर पर्याय शोधायला दुसऱ्या प्राण्याकडे जायची गरज नाही. जे मांस आपल्या गावात रोज येतं आणि आपण मांस म्हणून मोजतच नाही, तेच इथलं पर्यायी मांस आहे. कोंबडी सोलल्यावर जिवंत वजनाच्या साधारण पाव हिस्सा ते तीस टक्के भाग बाजूला पडतो. त्यात पिसं, रक्त आणि आतडी आहेत, ती कुत्र्याच्याही कामाची नाहीत. पण मान, चरबीची कातडी आणि गिऱ्हाईकानं नको म्हटलेली पोटा-कलेजी आहे, त्या सगळ्याचं उत्तम अन्न होतं. बोकड कापला की मटण आणि वजडी विकली जाते, पण फुप्फुस आणि तिल्ली मागणारे थोडे. अंड्यांच्या पोल्ट्रीतली लेअर कोंबडी साधारण दीड वर्षानं काढून टाकतात. तिचं मांस चिवट म्हणून माणसं नाक मुरडतात. कुत्र्याला त्या चिवटपणाची अडचण नाही.

आणि मासे. घोड नदीवर डिंभे धरण झालं तेव्हा मूळचं आंबेगाव गाव त्याच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव देणारं गाव बुडालं आणि कारभार घोडेगावातून चालत राहिला. ज्यांची जमीन गेली त्या आदिवासींनी पुढे ‘शाश्वत’ या संस्थेच्या साथीनं त्याच जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. अशा जलाशयांतल्या माशांत लहान आणि काटेरी मासळीला भाव कमी मिळतो. कुत्र्याच्या आहारासाठी मात्र ती फार मोलाची आहे. लहान मासे प्रेशर कुकरमध्ये बराच वेळ शिजवले की काटे बोटांनी चुरडतील इतके मऊ होतात, आणि त्यांतून कॅल्शियमही मिळतं. ज्या कुत्र्याला कोंबडी सोसत नाही त्याच्यासाठीही मासा हा मार्ग आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कुत्र्यांच्या अन्न-ॲलर्जीला सर्वाधिक वेळा गोमांस, दूध आणि कोंबडी हे घटक कारण ठरल्याचं दिसलं. कुत्रं सतत अंग खाजवत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही आठवडे फक्त मासा किंवा फक्त शेळीचं मांस घालून पाहता येतं.

आता या सगळ्या मांसाचं आज काय होतं ते पाहू, कारण खरी गोष्ट तिथे आहे. दुकान बंद झालं की मान, कातडी, आतडी, पिसं सगळं एका पिशवीत जातं आणि बऱ्याच ठिकाणी ती पिशवी अंधार पडल्यावर ओढ्यात, पुलाखाली किंवा रस्त्याकडेच्या चारीत रिकामी होते. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात पुरल्या पाहिजेत. जिथे पुरल्या जात नाहीत तिथे त्याही त्याच चारीत येतात. त्या वासावर कुत्री जमतात आणि रोज मिळतं म्हणून तिथेच राहतात, तिथेच वितात. कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो.

हा अंदाज नाही. जुन्नरच्या उत्तरेला डोंगरापलीकडे अकोले तालुका आहे, तिथेही असाच ऊस आणि अशाच वस्त्या आहेत. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या मांसापैकी ८७ टक्के मांस पाळीव प्राण्यांचं निघालं. त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के होता. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट, तरी शेळीचा वाटा ११ टक्केच. शेळी रात्री कोंडलेली असते आणि तिच्यावर माणसाची नजर असते. कुत्रं मोकळं असतं, नाहीतर अंगणात साखळीला बांधलेलं असतं. बिबट्याच्या दृष्टीनं यातलं सोपं कोणतं हे वेगळं सांगायला नको.

बिबट्या इथे कसा स्थिरावला तेही याच साखळीत बसतं. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे या धरणांचं पाणी कालव्यांनी आलं आणि कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात असतो. एवढ्या काळात मादी त्यात पिल्लं घालते आणि वाढवतेही. उसानं बिबट्याला आसरा दिला, पण नुसत्या आसऱ्यावर कोणतं जनावर राहत नाही. त्याला रोजचं खाणं लागतं, आणि ते खाणं आपण ओढ्यात टाकलेल्या पिशवीपासून सुरू होतं.

पकडून दूर सोडणं हा उपाय या भागानं करून पाहिला आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरातले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. त्या वर्षांचा अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचं दिसलं. माणिकडोहच्या निवारा केंद्रात बिबट्यांची काळजी घेतली जाते, पण शेतातले सगळे बिबटे कोणत्याही केंद्रात मावणार नाहीत. ज्या घरातलं मूल गेलं आहे त्या घराला कोणताही अभ्यास दिलासा देऊ शकत नाही, याची मला जाणीव आहे. २०२५ साली शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागली. तो पट्टा मुळात धनगरांच्या आणि शेतकऱ्यांच्या कुत्र्याचा. भीती कुठवर आली आहे हे एवढ्यावरून कळतं. म्हणूनच साखळीतली जी कडी आपल्या हातात आहे, ती आपण धरली पाहिजे.

ती कडी म्हणजे घरातलं पातेलं. ओढ्यात जाणारं मांस शिजून कुत्र्याच्या ताटात, उजेडी, घराजवळ पडलं तर दोन गोष्टी होतात. कुत्र्याची तूट भरते, म्हणून ते वस्तीबाहेर भटकत नाही. आणि ओढ्यातला वास कमी होतो, म्हणून बेवारस कुत्री तिथे वाढत नाहीत.

शिजवणं इथे महत्त्वाचं आहे, आणि त्याचं कारण नुसता वास नाही. शेळ्यामेंढ्यांच्या काळजात आणि फुप्फुसात कधीकधी पाण्यानं भरलेल्या गाठी दिसतात. त्या एका फीतकृमीच्या असतात. असं कच्चं फुप्फुस कुत्र्यानं खाल्लं की तो कृमी त्याच्या आतड्यात वाढतो, अंडी विष्ठेतून अंगणात पडतात, आणि तीच अंडी हातांवाटे, भाजीवाटे माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतात आणि फुप्फुसात तशाच गाठी होतात. त्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. खाटकाच्या ओट्याखाली कुत्र्याला फेकलेला कच्चा तुकडा हा या रोगाचा सरळ रस्ता आहे. गाठी दिसलेला भाग कुत्र्याला घालूच नये, खोल पुरावा. बाकीचं सगळं चांगलं उकळून घ्यावं. कच्च्या माशात ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असू शकतो, तोही शिजवल्यानं निकामी होतो. आणि पोल्ट्रीत आपोआप मेलेली कोंबडी शिजवूनही घालू नये, कारण ती कशानं मेली हे आपल्याला ठाऊक नसतं.

आता पातेल्यात काय आणि किती. वीस किलोच्या प्रौढ गावठी कुत्र्याला दिवसाला साधारण १००० किलोकॅलरी लागतात. त्यासाठी ३०० ग्रॅम मिश्र मांस पुरतं: मानेचं मांस, पोटा, फुप्फुस, लेअर कोंबडी, किंवा त्याऐवजी मासे. त्यात काळीज २५-३० ग्रॅमच्या वर नको, कारण काळजात अ जीवनसत्त्व फार असतं आणि ते रोज जास्त गेलं तर हाडांना बाधतं. सोबत १२५ ग्रॅम तांदूळ किंवा बाजरी-ज्वारीच्या कण्या, किंवा तेवढ्याच पिठाच्या भाकरी कुस्करून. मूठ-दोन मुठी लाल भोपळा, दुधी किंवा गाजर. एक अंडं. दोन चमचे करडईचं किंवा सोयाबीनचं तेल. आयोडीनयुक्त मिठाची चिमूट. मांस आधी पाण्यात शिजवून घ्यावं, हाडं काढून टाकावीत आणि त्याच पाण्यात कण्या नि भाजी शिजवावी. शिजलेलं कोंबडीचं हाड चावताना टोकदार फुटतं आणि आतडं फाडू शकतं, म्हणून हाड ताटात नको.

एवढं केलं तरी एक मोठी उणीव राहते, ती कॅल्शियमची. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं. हाडं काढून मांस घातलं तर शरीर ती तूट स्वतःच्या हाडांतून भरतं, आणि पिल्लांचे पाय वाकतात. यावर उपाय घरातच आहे. अंड्यांची कवचं धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरमध्ये अगदी बारीक दळावीत. सपाट अर्धा चमचा पुडीत साधारण एक ग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढी वर सांगितलेल्या दिवसभराच्या खाण्यात मिसळावी. काटे मऊ करून मासे घातले त्या दिवशी पूड कमी चालते.

हे सांगताना एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. २०१३ साली अमेरिकेतल्या डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या गेल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत एक ना एक आवश्यक घटक कमी होता. जस्त, ड आणि ई जीवनसत्त्व हे नेहमी कमी पडणारे घटक. म्हणून मांस आलटूनपालटून घालावं, आठवड्यातून दोनदा मासे असावेत, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांना वजन, वय सांगून खनिज मिश्रण विचारून घ्यावं. पिल्लं, पोटुशी कुत्री आणि आजारी कुत्रं यांचं माप वेगळं, ते डॉक्टरांनीच ठरवावं. आणि नवा आहार एकदम न देता आठवडाभरात हळूहळू वाढवावा.

जे घालायचं नाही त्यात आपल्याच तालुक्यांची दोन पिकं आहेत. मंचर आणि ओतूरच्या बाजारात ढिगानं येणारा कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि लसूणही तेच करतो. म्हणून मसाल्याचा रस्सा भाकरीवर ओतणं प्रेमाचं असलं तरी अपायाचं आहे. दुसरं पीक द्राक्षाचं. जुन्नरची द्राक्षं दूरदूर जातात, पण कुत्र्याच्या पोटात गेलेल्या थोड्या द्राक्षांनी किंवा बेदाण्यांनीही त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. बागेत काम चालू असताना गळालेले मणी कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नयेत.

आता वेळ आणि जागा, कारण पातेल्यातलं सगळं बरोबर असून इथे चुकलं तर आपण पुन्हा जुन्या साखळीतच जातो. कुत्र्याला जेवण दिवस मावळायच्या आत घालावं. ताट घराच्या भिंतीजवळ असावं, बांधावर किंवा उसाच्या कडेला नको. खाऊन झालं की उरलेलं उचलावं आणि ताट धुऊन आत घ्यावं. काढलेली हाडं आणि आतडी खोल खड्ड्यात पुरावीत. आणि रात्री कुत्रं आत घ्यावं: पडवीला जाळी असेल तर पडवीत, नाहीतर शेळ्यांच्या बंदिस्त गोठ्यात. आत घेतलं तर राखण कोण करणार, असा प्रश्न येतो. आतलं कुत्रंही भुंकतंच, आणि त्याचं भुंकणं ऐकूनच आपण सावध होतो. अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं मात्र पळूही शकत नाही. ते राखण करत नाही, ते आमिष होतं.

ज्यांच्या गळ्यात माळ आहे त्यांच्या घरी मांस शिजणार नाही, आणि या दोन तालुक्यांत अशी घरं पुष्कळ आहेत. कुत्रं त्यांच्या दारातही आहे. त्यांनी भाकरीसोबत शिजवलेलं सोयाबीन, डाळ आणि दही घालावं, आणि त्या आहारात काय कमी पडतं ते डॉक्टरांकडून समजून घेऊन पूरक द्यावं. मांसावाचून कुत्र्याचा आहार पूर्ण करता येतो, पण त्याला जास्त काळजी लागते. वेळेचा, जागेचा आणि रात्री आत घेण्याचा नियम त्यांनाही तेवढाच लागू आहे.

मग बेवारस कुत्र्यांचं काय? त्यांना मारून टाकणं क्रूर आहे आणि उपयोगाचंही नाही, कारण कुत्री एकाएकी नाहीशी झाली तर बिबट्याची नजर शेळ्या-वासरांकडे वळू शकते. त्यांची संख्या हळूहळू उतरवायला निर्बीजीकरण लागतं, रेबीजची लस लागते आणि मुख्य म्हणजे उघड्यावरचं मांस थांबावं लागतं. निर्बीजीकरणाविना नुसतं खायला घालत राहिलं तर आपली दयाच पिल्लांची संख्या वाढवते, आणि ती पिल्लं कोणाच्या पोटात जातात हे आपण पाहिलं आहे. ऊसतोडीच्या हंगामात हे आणखी निकडीचं होतं. तोडणी कामगारांच्या कोप्या उसाच्या कडेलाच पडतात, त्यांची लहान मुलं तिथेच झोपतात, आणि कोप्यांभोवती पडलेल्या खरकट्यावर कुत्री जमतात. तिथे खड्डा खणून देणं, दिव्याची सोय करणं हे ज्याच्या शेतात तोड चालू आहे त्याचं काम आहे.

हे सगळं एका घरानं केलं तर एक कुत्रं नीट जेवेल आणि कदाचित वाचेल. गावानं केलं तर त्याहून पुष्कळ अधिक होईल. चिकनच्या दुकानदारानं मान, पोटा, कातडी वेगळी काढून कुत्री पाळणाऱ्यांना द्यावी आणि पिसं-आतड्यांसाठी ग्रामपंचायतीनं खड्डा ठरवून द्यावा, यासाठी मोठा निधी लागत नाही. ग्रामसभेत एक ठराव आणि त्यावर लक्ष ठेवणारी चार माणसं लागतात. बिबट्या कुठे जाईल हे आपण ठरवू शकत नाही, ऊसही आपण एका रात्रीत काढून टाकणार नाही. पण आपल्या गावात कापल्या जाणाऱ्या प्रत्येक कोंबडीचा आणि बोकडाचा शेवटचा तुकडा कुठे जातो, हे ठरवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. दारातल्या कुत्र्यासाठी पातेलं चढवणं ही त्याचीच सुरुवात आहे, आणि ती करायला वनविभागाच्या पिंजऱ्याची किंवा कोणत्याही परवानगीची वाट पाहायची गरज नाही.